आक्काचा डावा दिवा

४ फेब्रुवारी

चि. पाना,

आशीर्वाद. आधी हात धू, मग पुढे वाच. मागच्या पत्रावर तुझ्या ग्रीसचा अख्खा अंगठा उमटला होता आणि तुझी वहिनी तो भजी तळलेला कागद समजून फेकायला निघाली होती.

वाईट बातमी आधी सांगतो. शेडवाल्याने शेड विकली. नवा मालक तिथे मजले चढवणार आणि एप्रिल संपायच्या आत आक्काला बाहेर काढा म्हणतो. मी म्हटलं, अहो, गाडी माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा वयाने मोठी आहे, म्हणून तर आम्ही तिला आक्का म्हणतो, जरा मान ठेवा. तर म्हणाला, मग भंगारात का देत नाही? त्या माणसाशी मी आता बोलत नाही.

तेव्हा ठरवलं. आक्का शेवटी तुझ्याकडे येणार असं आपण वर्षानुवर्षं नुसतं म्हणत आलो, तर आता येते. तू म्हणशील ट्रक पाठवते. मुळीच नाही. दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी ती. वाऱ्यावर पळायला जन्मलेली. तिला दोरखंडाने बांधून ट्रकच्या पाठीवर नेलेलं मला बघवणार नाही. मी चालवत आणणार. टप खाली, शेजारी तुझी वहिनी, घाट चढायचा आणि उतरायचा. जन्मभर सरकारी मोजणीदार होतो, अंतरं मला पाठ आहेत. उजाडता निघालो तरी घाट उतरताना अंधार पडणार.

म्हणून दिव्यांचं बघायला हवं. तुझ्या गॅरेजमधली पाटी विसरलेलो नाही, ‘गिऱ्हाइकाने लक्षण सांगावे, रोग आम्ही सांगू.’ तर लक्षणं अशी. हेडलाइट मंद झालेत. संध्याकाळी धुरकट, पिवळा उजेड पडतो आणि डावा तर फारच मरतुकडा. दुसरं असं की, समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. समोरची काच तेलकट झाली असावी. हा रोग सांगितला की काय? मग खोडला समज.

बाकी आक्का मजेत. सकाळी दोनदा नाक मुरडते आणि मग चालू होते.

तुझा,
दादा


१३ फेब्रुवारी

ती. दादा,

हात धुतले, नमस्कार केला, पुन्हा काळे झाले.

आक्का येणार या बातमीने मी आज गिऱ्हाइकांशी गोड बोलले, म्हणून दोघांना शंका आली की बिल वाढणार. कोपऱ्यातला लेथ सरकवून तिची जागा केली आहे. ट्रकचं नाव मी काढलंही नसतं. तू गाडीखाली आडवा आणि मी बाहेर उकिडवी बसून ‘पाना दे’ म्हटलं की पाना देणारी, यावरूनच ना माझं नाव पडलं? तूच आण तिला. दुसऱ्या कुणाच्या हातून मी घ्यायची नाही.

रोग सोपा आहे. मंद दिवा म्हणजे दहातल्या नऊ वेळा अर्थिंग. दिव्यामागची वायर जिथे पत्र्याला धरते तो स्क्रू काढ, खालचा गंज पॉलिशपेपरने घासून पत्रा चकचकीत कर, वायरचं टोकही घास, मग घट्ट आवळून वर ग्रीसचं बोट फिरव. डायनामोचा पट्टा अंगठ्याने दाबून बघ, फार दबला तर ताण. कड्यांचं म्हणशील तर काचच. उघड्या गाडीत इंजिनाची वाफ आतल्या बाजूने काचेवर बसते. व्हिनेगर आणि जुनं वर्तमानपत्र घे, आणि आतून पूस, बाहेरून नव्हे. तू नेहमी बाहेरूनच पुसतोस.

लक्षणं मात्र छान सांगितलीस. सगळी गिऱ्हाइकं तुझ्यासारखी असती तर मी एव्हाना श्रीमंत झाले असते.

तुझी,
पाना


२७ फेब्रुवारी

चि. पाना,

सगळं केलं. पत्रा घासून आरशासारखा केला. पट्टा ताणला. काच आतून पुसली, बाहेरून पुसली, आता रोज सकाळी पुसतो. एवढी पुसतो की तुझी वहिनी म्हणाली, भोक पडेल.

संध्याकाळी तिला शेडच्या भिंतीपाशी उभी केली आणि दिवे लावले. ती म्हणाली, ‘अहो बंद करा, डोळे दिपले!’ मला तर मेणबत्ती लावल्यासारखंच दिसत होतं. बायकांचे डोळे लवकर दिपतात की काय कोण जाणे. कडी तशीच आहेत.

आता नवीन लक्षणं. आक्का डावीकडे ओढायला लागली आहे. फाटकातून बाहेर काढताना डाव्या खांबाला मडगार्ड घासलं. गेली कित्येक वर्षं मी त्याच फाटकातून तिला डोळे मिटून काढतो, आणि आता खांब पुढे सरकल्यासारखा आडवा येतो. परवा भाजीवाल्याची हातगाडी डावीकडून अशी अचानक उगवली की ब्रेकवर उभा राहिलो.

आणि संध्याकाळी चालवून आलो की डोकं जड होतं. पेट्रोलचा वास येतो का बघ म्हणशील, तर तसा फार येत नाही.

शेवटचं लक्षण गाडीचं नाही, शेजारच्या सीटचं आहे. तुझ्या वहिनीची हल्ली गाडीत बसली की टकळी सुरू होते. ‘डावीकडे सायकल आहे हो. पोरगा उभा आहे. डावीकडे खड्डा.’ जन्मात कधी बोलली नाही. दाराबाहेर हात काढून नुसती हसत बसायची. आता आकाशवाणी चालू. दिवे मंद असले तरी मी काही आंधळा नाही, असं म्हटलं तर गप्प होते, की पुढच्या वळणावर पुन्हा सुरू.

यावर काही तेल-पाणी असेल तर कळव.

दादा


७ मार्च

ती. दादा,

गाडी डावीकडे ओढते याची कारणं तीन. हवा कमी-जास्त, स्टिअरिंगचा दांडा सैल, किंवा डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक चिकटतो. आधी हवा बघ. मग चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरव, जड फिरलं तर ब्रेक. दांड्याचा नट मी पाठवते आहे, जुना फेकू नको, मापासाठी ठेव.

दिव्याचं मला आता वेगळं वाटतं. आतल्या वाटीची चांदी उडाली असणार. चांदी उडाली की बल्ब कितीही जळो, उजेड पुढे जात नाही. डावा दिवा अख्खा उतरवून पार्सलने पाठव. इथे चांदी चढवणारा माझ्या ओळखीचा आहे. तोवर बाजारातला कुठलाही दिवा बसव, फक्त आक्काला आरसा दाखवू नको.

डोकं दुखणं धुराचं. सायलेन्सरचा जोड तपास.

आणि वहिनींसाठी निरोप, मोठ्याने वाचून दाखव. गाडीला स्टिअरिंग एक, ड्रायव्हर एक आणि जीभ शून्य. मी थट्टा करत नाही. घाटात शेजारून सूचना यायला लागल्या की भलेभले गोंधळतात, दोन अपघात माझ्याच गॅरेजात ओढून आणलेले मी पाहिले आहेत. निघण्याआधी त्यांच्याकडून वचनच घे. एक अक्षर बोलायचं नाही. टप खाली असला की तसंही वाऱ्यात काही ऐकू येत नाही!

पाना


१५ मार्च

पानाताईंना नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर घरी पाठवू नका, मी शिवण शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

एक काम होतं. आक्काच्या रंगाचा लहान डबा मिळेल का? डाव्या मडगार्डावर आणखी दोन ओरखडे पडले आहेत. एक फाटकाचा, एक कुठला ते ह्यांनाही माहीत नाही. मी दुपारी जाऊन पुसते, पण रंगाशिवाय झाकत नाहीत. ह्यांनी पाहिले तर फार लागेल. टपाचं कापड मी शिवलं आहे, तर रंगही नीट लावीन.

दुसरं विचारायला संकोच वाटतो. तुम्ही एवढ्या जाणत्या, गाडीत एखादा मोठा बिघाड सांगता नाही का येणार? म्हणजे नसला तरी. हा दुरुस्त होईपर्यंत गाडी लांब नेऊ नये, ट्रकनेच आणावी, असं काही. तुमचं ते ऐकतात. माझं ऐकत नाहीत असं नाही, पण मी म्हटलं तर त्यांना वाटेल मी त्यांच्यावर अविश्वास दाखवते. आक्का चालवायला बसले की ते अजून तिशीतले असतात, ते मला मोडायचं नाही.

मला घाटाची भीती वाटते असंच समजा.

तुमची,
वहिनी


२३ मार्च

वहिनी,

रंगाचा डबा पाठवते आहे. पातळ करायला दोन थेंब टर्पेंटाइन, आणि ब्रश नको, जुन्या बनियनचा बोळा वापरा. दादाला कळणार नाही.

दुसरं मात्र माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही रागावू नका, पण मी कधी गिऱ्हाइकालाही खोटा बिघाड सांगितला नाही, दादाला कसा सांगू? आणि त्याला ही फेरी किती हवी आहे ते तुम्हाला माझ्याहून ठाऊक. निवृत्त झाल्यापासून त्याच्या पत्रात एवढा जीव मी पाहिला नव्हता. घाटाची भीती सगळ्यांनाच वाटते. पदर डोक्याला घट्ट बांधा, डोळे मिटा, आणि उतरलात की मी चहा घेऊन उभी आहे.

तुम्ही दोघं वाऱ्यावर केस उडवत माझ्या दारात येणार, हे चित्र मी रोज बघते. ते माझ्याकडून काढून घेऊ नका.

पाना


३ एप्रिल

चि. पाना,

डावा दिवा पार्सल केला. तागाच्या पोत्यात, वर वहिनीच्या चिंध्या. पोचला की कळव.

हवा भरली. चाक उचलून फिरवलं, अगदी हलकं फिरतं. नट बदलला. तरी ओढतेच. चालवताना स्टिअरिंग सोडून बघितलं तर सरळ जाते, हे मात्र नवल. मी धरलं की ओढते. आक्का माझ्यावर रुसली आहे, दुसरं काय. तुझ्याकडे जायचंय ना.

तुझा निरोप मोठ्याने वाचून दाखवला. मला वाटलं होतं तुझी वहिनी तुलाच दोन शब्द सुनावेल. काही नाही. शिवत होती, सुई थांबवली, आणि म्हणाली, ‘पानाताई म्हणतात तर बरोबरच असेल. घाटभर मी एक अक्षर बोलणार नाही.’ मी म्हटलं, वचन? म्हणाली, वचन. खरं सांगतो, मला जरा चुकल्यासारखंच वाटलं. पण परवा बाजारातून येताना तिने ते पाळलं. किती शांत वाटलं म्हणून सांगू! फक्त एका ठिकाणी तिने माझा गुडघा घट्ट धरला. एक म्हातारा डावीकडून रस्त्यात उतरला होता, मला दिसेस्तोवर तो परत फुटपाथवर चढलाही.

नवा मालक कुदळी घेऊन रोज चकरा मारतो. वीस तारखेला निघायचं ठरवलं आहे, त्याने फार छळलं तर आधीही निघू. चहा तयार ठेव.

दादा


१२ एप्रिल

दादा,

निघू नको. तारही करते आहे, पण तारेत मावणार नाही म्हणून हे पत्र.

तुझं पार्सल आज मिळालं. चिंध्या सोडवल्या, दिवा बाहेर काढला. वाटीत माझा चेहरा दिसला, भुवईचा केसन् केस दिसला. चांदी जशीच्या तशी आहे. मग बाकावर बॅटरीला जोडला आणि लावला. दादा, गॅरेजची पलीकडची भिंत उजळून निघाली. त्या भिंतीवर माझी पाटी आहे. गिऱ्हाइकाने लक्षण सांगावे. अक्षरन् अक्षर वाचता आलं.

मी स्टुलावर बसले आणि तुझी सगळी पत्रं ओळीने पुन्हा वाचली. चाक हलकं फिरतं. स्टिअरिंग सोडलं तर गाडी सरळ जाते. वहिनींचे डोळे दिपतात. हातगाडी डावीकडून ‘उगवली’. संध्याकाळी डोकं जड. दिव्यांभोवती कडी. तू एकही लक्षण चुकीचं सांगितलं नाहीस. चुकले मी. मी ती सगळी आक्काच्या अंगावर शोधत बसले.

तुझ्या डोळ्यांना काहीतरी झालं आहे, दादा. डाव्याला नक्कीच. मी डॉक्टर नाही, मला काय ते सांगता येत नाही, पण आक्का धडधाकट आहे एवढं मी लिहून देते. उद्याच डोळे दाखव. किल्ली वहिनींकडे दे. मी ट्रक घेऊन स्वतः येते, आणि वहिनींना सांग की मी मूर्ख आहे, त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

आणि तो निरोप परत घे. वचन मोडायला सांग. त्यांना बोलू दे, दादा, त्यांना सारखं बोलू दे.

पाना


२१ एप्रिल

पानाताई,

हे पत्र घाटमाथ्यावरच्या दवाखान्यातून लिहिते आहे. आधी एवढं सांगते की हे ठीक आहेत. कपाळाला टाके पडले आहेत, तेवढेच. माझा डावा हात मोडला आहे, पण लिहिता येतं, उजवा शाबूत आहे.

तुमची तार आणि पत्र काल शेजाऱ्यांनी इथे पाठवलं. आम्ही अकरा तारखेलाच निघालो होतो. नव्या मालकाने शेडचे पत्रे काढायला सुरुवात केली, आक्कावर धूळ पडायला लागली, तसे हे म्हणाले, चल आत्ताच.

सुरुवातीला फार छान होतं हो. टप खाली होता. गाणं म्हणत होते. मी म्हटलं होतं बोलणार नाही, आणि बोलले नाही. रस्ता मोकळा होता, मला वाटलं, निभावलं. घाटात चढाला रस्तादुरुस्ती चालू होती. डाव्या कडेला डांबराचं पिंप उभं होतं, त्यावर लाल फडकं लावलेलं. मला ते फार लांबून दिसलं. मला वाटलं लाल आहे, एवढं मोठं आहे, एवढं तरी दिसेलच. मी तोंड उघडलं होतं. मग मनात आलं, मी आता बोलले तर हे म्हणतील, बघ, मोडलंस वचन. आणि मी तोंड मिटलं. पिंप माझ्याच बाजूने आलं.

पिंपाच्या सावलीला एक मजूर बाई भाकरी खायला बसली होती. ती नेमकी तेव्हाच पाणी आणायला उठून गेली होती. तिचं फडकं आणि भाकरी तिथेच होती. मला रोज तेच दिसतं.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू म्हणतात. डावा डोळा जवळजवळ गेलेला आहे, उजव्याच्याही कडा गेल्यात. मधलं आहे ते औषधाने टिकेल म्हणतात, गेलेलं परत येत नाही. थंडीत आणलं असतंत तर बरंच वाचलं असतं, असं ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं, पानाताई. रोग माहीत नव्हता, पण ह्यांना दिसत नाही हे माहीत होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी रंग लावत बसले.

हे कुणाशी बोलत नाहीत. आक्का रस्त्याच्या कडेला आहे, मजुरांनी वर ताडपत्री टाकली आहे. तिला घेऊन जा.

वहिनी


६ मे

ती. दादा,

आक्काला आणलं. ट्रकवर बांधूनच आणावं लागलं, तुला बघवलं नसतं. डावं मडगार्ड चुरगळलं, डावीकडचा पत्रा दारापर्यंत फाटला, त्या बाजारातल्या दिव्याचा चुरा झाला. इंजिनाला काही नाही. एका हाकेत चालू झालं, मेलं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

दवाखान्यात तू भिंतीकडे तोंड करून झोपला होतास. झोपला नव्हतास, मला कळतं. मी उभी राहिले आणि निघाले. माझी जीभही शून्य झाली होती.

तुला एवढंच सांगायचं आहे की तू मला सगळं सांगितलं होतंस. महिनोन् महिने, ओळीने, नीट. दुसऱ्या कुणी रस्त्यावरच्या माणसाने ही लक्षणं ऐकली असती तर म्हणाला असता, अहो डोळे दाखवा. कारण तो गाडीवाला नसता. मला तू दिसलासच नाहीस, मला फक्त आक्का दिसली. आणि वहिनी एकट्या तुझा डावा डोळा होऊन बसल्या होत्या, तर मी तोही बंद करायला लावला. थट्टेत. पाटी मी उतरवली आहे, पण त्याने काय होतं.

मडगार्ड मी ठोकत नाही अजून. तू सांगितल्याशिवाय हात लावणार नाही. शिव्या द्यायच्या तर दे, पण लिही.

पाना


२ जून

चि. पाना,

अक्षर मोठं आहे, सांभाळून घे. उजव्या डोळ्याला मधलं तेवढं दिसतं. नळीतून बघितल्यासारखं. तशी मला सवय आहे म्हणा, मोजणीदाराने आयुष्यभर एक डोळा मिटूनच जग पाहिलेलं असतं. तेव्हा तो हवा तेव्हा उघडता यायचा, एवढाच फरक.

शिव्या देणार होतो. तीन पत्रं लिहून फाडली. मग चौथ्यात खरं लिहावं म्हटलं. तुझी ती पाटी माझ्या फार सोयीची होती, पाना. लक्षण सांगायचं, रोग सांगायचा नाही. उन्हाळ्यापूर्वीच एकदा वर्तमानपत्र वाचताना मी उजवा डोळा हाताने झाकला होता. डाव्याने कागद दिसला नाही. लगेच हात काढला आणि तुला लिहायला बसलो की हेडलाइट मंद झालेत. तू दरवेळी नवा नट, नवा जोड सांगायचीस, आणि मला वाटायचं, बघा, गाडीचंच आहे. तू फसलीस, कारण मला तुला फसवायचं होतं. तेव्हा तुझा वाटा तू घे, पण माझा मला राहू दे.

ती बाई पाणी आणायला उठली नसती तर, हा विचार रोज येतो. येऊ दे. यायलाच हवा.

आता एक लक्षण सांगतो, आणि या वेळी रोगही माहीत आहे. घरी आल्यापासून तुझी वहिनी बोलत नाही. म्हणजे जेवायला चला म्हणते, औषध घातलंत का म्हणते. पण पुढ्यात काय आहे ते सांगत नाही. परवा दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला. ती समोरच होती. तिने बघितलं, ओठ उघडले, आणि मिटले. दुसऱ्यांदा स्टूल होतं. तेव्हाही तसंच. मला राग आला नाही, पाना, मला भीती वाटली. त्या पिंपापाशी तिच्या तोंडातला शब्द अडकला तो अजून तिथेच आहे.

काल दुपारी तिच्या हाताचं प्लास्टर काढून आणलं. चहा झाला. तुझं पत्र मी तिच्यासमोर मोठ्याने वाचलं, सगळं, जसा तो निरोप वाचला होता तसं. मग म्हटलं, तुझं वचन मी परत करतो. बोल.

म्हणाली, ‘काय बोलू?’

म्हटलं, जे दिसतं ते.

मग हळूच सुरू झाली. ‘समोर टेबल आहे. त्यावर चहाचा कप आहे, जवळ घेऊ नका, काठावर आहे. पानाताईंचं पत्र आहे. पत्रावर ग्रीस आहे. उजवीकडे खिडकी उघडी आहे. डावीकडे…’ आणि थांबली.

मी विचारलं, डावीकडे काय?

म्हणाली, ‘डावीकडे मी आहे.’

मडगार्ड ठोकायला घे.

दादा